काळी पाचमध्ये

परक्या मुलखात वाट विचारावी, आणि आपल्याला तिथली भाषा येत नाही हे समोरच्याच्या ध्यानात यावं, की तो आधी आवाज चढवतो. वाक्य तेच, शब्द तेच, फक्त पट्टी काळी पाच. आपले कान शाबूत आहेत हे सांगायचं, तर त्यालाही भाषाच लागते! मग तो शब्द सुटे करतो, प्रत्यय गाळतो, स्वतःचीच भाषा मोडून आपल्यापुढे तुकडे टाकतो. या बोलण्याला चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये ‘फॉरेनर टॉक’ असं नाव दिलं. तान्ह्या मुलांशी आपण बोबडं बोलतो, त्याच्या शेजारी ठेवून त्याने ते तपासलं होतं. मला यात नवल वाटलं नाही. एकदा मला एका खिडकीवरच्या माणसाने बोटांवर मोजून सुटे पैसे परत दिले होते, तेही ‘शाब्बास’ अशा चेहऱ्याने.

खोड जुनीच. ग्रीकांना इतरांचं बोलणं ‘बर-बर’ असं ऐकू यायचं, म्हणून ते सगळे ‘बार्बारोस’. रशियन भाषेत जर्मन माणसाला ‘नेमेत्स’ म्हणतात, आणि त्या शब्दाचं नातं ‘मुका’ या अर्थाच्या शब्दाशी आहे. आपण हसायला नको. ‘म्लेच्छ’ शब्दाच्या मुळाशीही अस्पष्ट बोलणंच आहे.

खरी गंमत आपल्या आत होते. मी तसा हुज्जत घालणारा माणूस. पण भाषा काढून घेतली की मी कमालीचा गुणी होतो. चुकीचं तिकीट मिळालं तरी हसतो. कळलं नाही तरी मान डोलावतो. (बल्गेरियात मान आडवी हलवली की ‘हो’, त्यामुळे तिथे तेवढाही आधार नाही.) घरच्यांनी मला त्या अवस्थेत पाहिलं, तर कुणीतरी माणूस बदलून पाठवलाय म्हणतील.

अपवाद एकच आठवतो. बसथांब्यावर एक आजी भेटल्या. मला त्यांची भाषा येत नाही हे त्यांना कळलं, आणि त्यांनी ते मनावरच घेतलं नाही. नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या वेगात त्या बोलत राहिल्या. हात गुडघ्यावर होता, त्यावरून विषय लागला. मीही सरळ मराठीत माझ्या कमरेचं सांगितलं. अधूनमधून त्या ‘आँ?’ म्हणायच्या, मी ‘हं?’ म्हणायचो. या उद्गाराचं रूप जगभरच्या भाषांत जवळपास सारखंच असतं, असं २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलंय. पुढे २०१५ मध्ये त्यांना त्याबद्दल इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीसही मिळालं. आमचं त्या एका शब्दावर छान चाललं होतं.

बस आली. आजींनी मला दंडाला धरून चढवलं, चालकाला काहीतरी बजावलं आणि खालून हात हलवला. मीही हलवला. बस दुसरीकडेच जाणारी होती, हे तीन थांबे गेल्यावर चालकाने मला सांगितलं. काळी पाचमध्ये.