बर्फ वितळला की आमचा पावसाळा सुरू होतो

अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला, सुपिरियर सरोवराच्या काठी डुलुथ नावाचं शहर आहे. त्याच्या शेजारच्या एका लहानशा शहरात मी सार्वजनिक बांधकाम खात्यात काम करते. शहर इतकं लहान, की रस्त्यांची आणि गटारांची वेगळी माणसं ठेवणं परवडत नाही. जानेवारीत पहाटे चारला बर्फ ढकलणारा प्लाउ चालवणारा माणूसच जुलैमध्ये जेटिंग मशीन घेऊन गटारं साफ करतो.

नाशिकला माझे मामा ड्रेनेजच्या कामातून निवृत्त झालेत. फोन केला की ख्यालीखुशाली दोन वाक्यांत उरकतात आणि कामाचं विचारायला लागतात. त्यांचा पहिला प्रश्न होता, "अगं, उणे तीस म्हणतेस, मग तुमची गटारं गोठत कशी नाहीत?"

जमीन इथे खोलवर गोठते. उत्तर मिनेसोटात घराचा पाया किमान पाच फूट खाली न्यावा, असा राज्याचा नियमच आहे. म्हणून मुख्य पाइप त्याहून खाली टाकतात. शिवाय घरातून निघणारं सांडपाणी कोमट असतं, आणि वाहतं राहिलं की गोठत नाही. गोठतं ते थेंबथेंब येणारं पाणी. एखादा गळका नळ किंवा हीटरमधून झिरपणारं पाणी रात्रभर पाइपात पातळ थर धरत जातं, आणि सकाळी संडास तुंबतो. घरापासून मुख्य गटारापर्यंतचा हा तुकडा घरमालकाचा असतो. तो मोकळा करायचा खर्चही त्याचाच, त्यामुळे थंडी सुरू व्हायच्या आत लोक नळ दुरुस्त करून घेतात.

रस्त्याचं काम याहून किचकट आहे. मीठ टाकलं की बर्फ वितळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुमारे उणे नऊ अंशांच्या खाली साधं मीठ जवळजवळ निरुपयोगी होतं. आमच्या जानेवारीच्या रात्री त्याहून कितीतरी थंड. मग कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, किंवा सरळ वाळू टाकतात. वाळूने बर्फ वितळत नाही, फक्त टायरला पकड मिळते. सगळ्यात शहाणपणाचं काम बर्फ पडायच्या आधी होतं: कोरड्या रस्त्यावर मिठाचं पाणी फवारून ठेवायचं, म्हणजे बर्फ डांबराला चिकटतच नाही आणि प्लाउच्या पात्याने सहज उचलला जातो. यात मीठही खूप कमी लागतं.

मीठ वाचवण्यामागे पैशांपेक्षा मोठं कारण आहे. एक चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे जवळजवळ १९ लिटर पाणी कायमचं खराब करतं, असं मिनेसोटाची प्रदूषण नियंत्रण संस्था सांगते. कायमचं, कारण विरघळलेला क्लोराइड कुठल्याही नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात निघत नाही. डुलुथच्या डोंगरउतारावरून ट्राउट मासे असलेले ओढे थेट सरोवरात उतरतात. रस्त्यावर टाकलेली प्रत्येक मूठ तिथे पोहोचते.

कुठला रस्ता आधी करायचा, हे हिवाळ्यापूर्वीच ठरलेलं असतं. दवाखान्याकडे जाणारे आणि बसचे रस्ते पहिले, मग चढाचे, मग वस्तीतले, शेवटी बंद गल्ल्या. यात आमदाराचं घर कुठे आहे हा प्रश्न येत नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडते. लोकांच्या वाट्याचंही काम असतं. डुलुथमध्ये दर रविवारी संध्याकाळी रस्त्याची गाडी लावायची बाजू बदलते, म्हणजे प्लाउला एक बाजू मोकळी मिळते. आपल्या घरासमोरचा पदपथ ज्याचा त्याने साफ करायचा.

गटाराचा ढापा आणि प्लाउचं पातं यांचं वैर ऐकून तर मामा खूश झाले. ढापा रस्त्यापेक्षा जरासा जरी वर राहिला, तरी पातं त्यावर आदळतं. ढापा उडतो, पातं तुटतं, चालक जखमी होतो. म्हणून इथे ढापा रस्त्याच्या किंचित खालीच बसवतात, आणि डांबराचा नवा थर पडला की त्याची चौकट त्याच कामात पुन्हा उचलून बसवतात. रस्ता आणि गटार एकाच खात्यात असल्याचा हा फायदा. नाशिकमध्ये दुचाकीवरून जाताना ढाप्याच्या खड्ड्यात किंवा उंचवट्यावर ज्यांची कंबर दुखावली आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

एप्रिलमध्ये खरी परीक्षा येते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात डुलुथला १४० इंचांहून जास्त बर्फ पडला, तोवरचा विक्रम. दहा इंच बर्फाचं साधारण एक इंच पाणी होतं, आणि ते सगळं काही आठवड्यांत वितळतं. खालची जमीन अजून गोठलेली, त्यामुळे पाणी मुरत नाही. ते चिरांमधून, सांध्यांमधून, ढाप्यांच्या भोकांतून सांडपाण्याच्या पाइपात शिरतं. पूर्वी इथल्या अनेक घरांच्या पायाभोवतीचं पाणीही त्याच पाइपात सोडलेलं असे. परिणाम असा की स्वच्छ पाण्याने भरलेला पाइप घाण घेऊन ओसंडायचा. २००९ मध्ये डुलुथला केंद्रीय पर्यावरण संस्थेशी न्यायालयीन करार करावा लागला. मग घरोघरच्या या जोडण्या तोडून पंप बसवले गेले आणि जादा पाणी तात्पुरतं धरून ठेवायला टाक्या बांधल्या गेल्या.

इथली सेंट लुईस नदी एके काळी इतकी घाण होती, की लोक तिच्याकडे पाठ फिरवून राहत. १९७१ मध्ये आसपासच्या गावांसाठी आणि कागद गिरण्यांसाठी मिळून एक सांडपाणी मंडळ स्थापन झालं, १९७८ मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं, आणि मासे परतले. हे वाचताना मला गोदावरी आठवत राहते. तपोवन आणि आगरटाकळीला केंद्रं आपल्याकडेही आहेत. पण केंद्रापर्यंत घाण पोहोचण्याआधीच चेंबर उसळला, तर ती नासर्डी, वाघाडी या उपनद्यांत आणि तिथून गोदेत जाते. पावसाळ्यात नेमकं हेच होतं. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं हे आपण सगळे पाहतो. त्या पुरात सांडपाणी किती, हे कुणी विचारत नाही. सिंहस्थाच्या तोंडावर रस्ते उकरले जात असताना तरी हा प्रश्न विचारायला हवा.

मामांचा आवाज एकदाच बदलला. "माणूस आत उतरवतात का?" त्यांनी विचारलं. त्यांनी आत उतरलेली आणि परत न आलेली माणसं पाहिली आहेत. इथे साफसफाई वरून होते: जोरदार पाण्याचा फवारा, गाळ ओढणारा ट्रक, आणि पाइपात सोडलेला कॅमेरा. फारच गरज पडली तर वायू मोजणारं यंत्र, हवा भरणारा पंखा, अंगावर सुरक्षा पट्टा, त्याला दोर आणि वर तिपाई, आणि लेखी परवानगी. हा नियम १९९३ पासूनचा. आपल्याकडे हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई ठरवली. तरीही माणसं उतरवली जातात, कारण यंत्र यायला वेळ लागतो आणि माणूस नाक्यावर उभा असतो. हे मला सहन होत नाही.

पावसाचं पाणी सांडपाण्याच्या पाइपात कुठून शिरतं, ते शोधायच्या इथल्या दोन पद्धती मी मामांना सांगितल्या. पाइपात निरुपद्रवी धूर सोडायचा आणि तो कुणाच्या छपराच्या पावसाळी पाइपातून निघतो ते पाहायचं. किंवा छपराच्या पाइपात रंगाचं पाणी ओतायचं आणि ते कुठल्या चेंबरमध्ये उतरतं ते बघायचं. रंगपंचमी नुकतीच झाली होती, रहाडीवरून, म्हणजे रंग खेळायच्या जुन्या हौदावरून, आलेल्या पोरांकडे रंग उरलाच होता. मामांनी इंदिरानगरच्या आपल्या सोसायटीच्या टेरेसवर बादलीभर रंग ओतला आणि खाली चेंबरचं झाकण उघडून उभे राहिले. केशरी पाणी थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये आलं. चारही टेरेस पाइप तिथेच जोडलेले निघाले. सोसायटीच्या बैठकीत थोडी कुरकुर झाली, पण खर्च मंजूर झाला. पाइप तोडून पावसाळी गटाराकडे वळवायचं काम मेमध्ये सुरू होणार आहे, आणि शेजारच्या दोन सोसायट्यांनी मामांना बादली घेऊन बोलावलंय.