शून्य टक्क्यांचा प्रबंध

पाटीवर आमच्या कक्षाचं नाव 'संशोधन लेखन साहाय्य कक्ष' असं लांबलचक आहे. पण विद्यापीठात कुणालाही विचारा, 'ते टक्के कमी करून देतात, तिथं ना?' असंच ऐकायला मिळेल. टक्के म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधातला किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो, याचं सॉफ्टवेअरनं काढलेलं माप. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जुन्या नियतकालिकांच्या रॅकमागं आमची जागा आहे. दोन टेबलं, एक संगणक, आणि उन्हाळ्यात पाणी भरायचं कुणाच्या तरी लक्षात राहिलं तर चालणारा कूलर.

आम्ही टक्के कमी करत नाही आणि लिहूनही देत नाही. प्रकरण वाचतो, प्रश्न विचारतो, पेन मात्र समोरच्याच्याच हातात ठेवतो. हे एकदा कळलं की बरेच जण परत फिरकत नाहीत. जे येतात ते तासिका तत्त्वावर शिकवणारे, झेडपीचे गुरुजी, बार्टी-सारथी-महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपवर दिवस काढणारे, लेकरं आईकडं ठेवून आलेल्या बाया.

त्या दिवशी लातूरकडचे एक सर आले ते पेढे घेऊन. पहाटेची एसटी धरून आले होते, शर्टाला बसच्या खिडकीची धूळ तशीच. समाजशास्त्राचे विद्यार्थी, वय चौतीस-पस्तीस, एका कॉलेजात तासिकेवर. विषय किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसित झालेल्या गावांचा. पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवून त्यांनी एक कागद पुढं केला. साम्य अहवाल. साम्य : शून्य टक्के.

"गाईड सर म्हणले, आजवर असा रिपोर्ट पाहिला नाही. तुम्ही फक्त एकदा नजर टाका मॅडम, मग ग्रंथालयाकडून अधिकृत काढतो आणि सबमिट करतो."

अहवाल गेटसमोरच्या डीटीपीवाल्यानं कुठूनतरी काढून दिलेला होता. टायपिंगही त्याचंच.

मी पेढा खाल्ला, पण शून्य काही गळ्याखाली उतरेना. साडेतीनशे पानांचा प्रबंध, त्यात शासन निर्णयांचे उतारे, जनगणनेचे तक्ते. '३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी' असं वाक्य नसलेला किल्लारीवरचा लेख शोधून सापडायचा नाही. तेही कुठंच जुळू नये? खरा प्रबंध शून्यावर येत नसतो. पाच-सात टक्के तर नुसत्या संस्थांच्या आणि योजनांच्या नावांवरच येतात.

पीडीएफमधली एक ओळ उचलून मी नोटपॅडमध्ये चिकटवली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, स्वल्पविराम यांचा काला उमटला. सर वाकून बघत राहिले.

"हे काय आहे?"

"हा तुमचा प्रबंध. सॉफ्टवेअरला असा दिसला."

जुने मराठी फॉन्ट असेच चालतात. श्रीलिपी, कृतीदेव आणि त्यांच्या भाऊबंदांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेत. माणसाला 'भूकंप' दिसतो, यंत्राला मात्र आतली इंग्रजी अक्षरंच. असली अक्षरं जगात दुसरीकडं कुठं जुळणार? तुकोबांचा अख्खा गाथा या फॉन्टात टाईप करून दिला तरी अहवाल म्हणेल, मजकूर स्वतंत्र आहे. देवनागरी अक्षराला यंत्रातही देवनागरीच ठेवणारं युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्याकडची डीटीपीची दुकानं अजून जुन्याच फॉन्टवर चालतात, कारण ऑपरेटरची बोटं त्याच कीबोर्डवर बसलेली आणि छपाईवालाही तेच मागतो.

मग सगळी फाईल युनिकोडमध्ये आणायची ठरली. कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण त्यांना जोडाक्षरं झेपत नाहीत. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी भलत्याच जागी उगवते. 'पुनर्वसित' हा शब्द पानोपानी मोडला होता. दुपारपर्यंत आम्ही दोघं, अधूनमधून आमचा सहायक, शोधा-आणि-बदला करत बसलो. जेवणाचं लक्षात राहिलं नाही, पेढ्यांवरच भागलं. मग ग्रंथालयातल्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल टाकली. केंद्र सरकारच्या शोधशुद्धी योजनेतून २०१९ पासून विद्यापीठांना हे सॉफ्टवेअर मिळतं, बाहेर कुणाला पैसे मोजायची गरज नाही. हे आम्ही नोटीस बोर्डावर लावलंय, पण नोटीस बोर्ड वाचतं कोण!

त्रेचाळीस टक्के.

सर खुर्चीत मागं टेकले. "रजिस्ट्रेशन रद्द होतं का मॅडम?"

होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, वाङ्मयचौर्याबाबतचे विनियम २०१८चे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं, त्याला जास्तीत जास्त सहा महिने. चाळीसच्या वर साठपर्यंत गेलं तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. नोंदणी रद्द होते ती साठच्या वर. आणि हे सगळं प्रबंध दाखल केल्यानंतरचं. सरांनी अजून काहीच दाखल केलं नव्हतं, त्यामुळं त्या दिवशी त्रेचाळीस हा नुसता आकडा होता. शिवाय हा आकडा जसाच्या तसा धरायचा नसतो. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, कायद्याची कलमं हे सगळं वगळायचं असतं. ते वगळल्यावर एकतीस उरले.

(ऋणनिर्देश वगळतात हे मला नेहमी गमतीचं वाटतं. कित्येक प्रबंधांत मनापासून लिहिलेलं तेवढंच एक पान असतं. त्यानंतर 'संशोधन म्हणजे पुन्हा पुन्हा शोध घेणे' ही व्याख्या सुरू होते, आणि संशोधन पद्धतीचं प्रकरण संपेपर्यंत सगळे एकाच सुरात बोलतात. शेवटी सगळी गृहीतकं सिद्ध होतात. एकही गृहीतक खोटं ठरलं नाही असे प्रबंध मी ढिगानं पाहिलेत.)

तोवर सरांनी बाहेर जाऊन डीटीपीवाल्याला फोन लावला होता. त्याला कसलंच टेन्शन नव्हतं. पानामागं वेगळे पैसे द्या, टक्के खाली आणून देतो म्हणाला, आणि तासाभरात व्हॉट्सअॅपवर नमुन्याचं पान आलंही. मूळ वाक्य होतं, 'जागतिक बँकेच्या कर्जातून भूकंपग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम राबविण्यात आला.' त्याचं झालं होतं, 'वैश्विक अधिकोषाच्या ऋणातून धरणीकंपपीडितांच्या फेरवसाहतीचा उपक्रम अंमलात आणला गेला.' आमचा सहायक इतका हसला की समोरच्या वाचनकक्षातून 'शूऽ' झालं. सरांना काही हसू आलं नाही. त्यांचे पैसे अडकले होते.

एकतीस टक्के कुठून आले ते आम्ही अहवालात जुळलेल्या मजकुराला दिलेले रंग बघत बघत शोधलं. वर्तमानपत्रांचे लेख, विकिपीडिया, एका शासकीय अहवालाची प्रस्तावना. हे यंत्राला सापडलं. सापडत नाही ते वेगळंच असतं. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मराठी प्रबंध आहेत, पण जुन्यांतले कितीतरी एक तर स्कॅन केलेले आहेत, नाही तर याच जुन्या फॉन्टांतले. त्यातून उतरवून घेतलेलं यंत्राला दिसायचं कसं? म्हणून मी शेवटी डोळ्यांनीच वाचते. तिसऱ्या प्रकरणात एका ओळीवर थांबले : 'तक्ता क्र. ४.७ मध्ये दर्शविल्याप्रमाणे'.

"सर, तुमचा चार पूर्णांक सातचा तक्ता कुठंय?"

त्यांनी पानं मागं-पुढं केली. चौथ्या प्रकरणात तक्ते पाचच होते.

मी रॅककडं गेले. काळ्या रेक्झिनचा, सोनेरी अक्षरांचा एक जुना प्रबंध काढला. विषय धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा. त्यात तक्ता क्रमांक ४.७ होता, आणि त्याच्यावरचा परिच्छेद शब्दन्शब्द सरांचा. म्हणजे सरांच्यात त्या प्रबंधाचा. 'धरणग्रस्त'च्या जागी 'भूकंपग्रस्त' तेवढं घातलेलं.

या ठिकाणी माणसं दोन प्रकारे वागतात. काही जण भांडतात, काही रडतात. सरांनी पिशवीतून एक जाड वही काढली आणि तो परिच्छेद शोधून दाखवला. त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईनं. पाच वर्षांपूर्वी याच ग्रंथालयात बसून उतरवून घेतलेला, खाली संदर्भ नाही, अवतरणचिन्हं नाहीत. त्याच्याखाली लगेच त्यांचं स्वतःचं टिपण, त्याच शाईत. आता दोन्ही सारखीच त्यांची दिसत होती. वही टायपिंगला गेली, टायपिंगवालं पोरगं सलग मारत गेलं.

"मॅडम, चांगलं लिहिलेलं दिसलं की उतरवून घ्यायचं, हेच शिकवलंय की आपल्याला. शाळेत गाईड पाठ केलं, बीएला नोट्स. मी कुठं चोरायला बसलो होतो?"

नव्हतेच बसले. दहावीपासून एमएपर्यंत या माणसाला एकानंही स्वतःच्या मनानं दोन पानं लिहायला लावली नव्हती, आणि मग एकदम साडेतीनशे पानं मागितली. चोरी पकडायला नियम आहेत, समित्या आहेत, सॉफ्टवेअर आहे. लिहायला शिकवायला रॅकमागची दोन टेबलं. याचा मला दर वेळी राग येतो, आणि तो समोर बसलेल्यावर निघणार नाही एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

वही चाळता चाळता मागच्या बाजूनं दुसरंच काही निघालं. वही उलटी धरून, पेन्सिलीनं लिहिलेल्या क्षेत्रभेटींच्या नोंदी. हे काय म्हणून विचारलं तर सर म्हणाले, "ते कच्चं आहे. ते प्रबंधात चालत नाही."

ते कच्चं मी वाचायला घेतलं. बावन्न गावं नव्या जागी वसवली, तेव्हा घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्याच्यावर सात हेक्टरपर्यंत ४००, आणि त्याहून मोठ्या शेतकऱ्याला ७५०. एवढं सगळ्याच प्रबंधांत असतं. सरांच्या पेन्सिलीत पुढचं होतं. एका ७५० फुटांच्या घरात त्यांना ज्वारीची पोती, फवाऱ्याचा पंप आणि बंद पडलेला टीव्ही दिसला होता, आणि घरातली माणसं अंगणात पत्र्याचं शेड टाकून राहत होती. जुनी घरं माळवदाची, दगड-मातीच्या रुंद भिंतींची. दर पावसाळ्याआधी वर मातीचा थर चढवत चढवत छत जड झालेलं. त्या रात्री तेच अंगावर आलं. त्या घरातली म्हातारी त्यांना म्हणाली होती :

"काय लिहून घ्यायलास रं लेकरा? लिही मग. सलाब सिमेंटाचा असला तरी डोस्क्यावर वजनच हाय की त्ये. पत्रा पडला तर टेंगूळ येतंय, माणूस मरत न्हाई."

टाईप केलेल्या प्रबंधात त्या गावाबद्दल एकच वाक्य होतं : 'लाभार्थ्यांना पक्की घरे उपलब्ध करून देण्यात आल्याने त्यांच्या जीवनमानात सकारात्मक बदल झाल्याचे आढळून येते.'

मी दोन्ही त्यांच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, यातलं तुम्ही पाहिलेलं कोणतं?

मग आम्ही एक करतो ते केलं. सगळे कागद मिटायचे, मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि बोलायचं. मी काही माहीत नसलेल्या पाहुणीसारखी विचारत राहते. सुरुवातीला सर 'सदर गावामध्ये' असंच बोलत होते. रस्त्यांचं निघालं तेव्हा सुटले. नव्या गावाचे रस्ते काटकोनात आणि ऐसपैस, कार्यक्रमाला आलेले साहेब लोक त्यावर खूश. बाया मात्र सांगायच्या की पूर्वी चुलीपाशी बसून शेजारणीशी बोलणं व्हायचं, आता हाक मारायला रस्ता ओलांडावा लागतो. बोलता बोलता त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं की शेडं ज्या बाजूला पडलीत, ती शेजारच्या शेडाकडं तोंड करून पडलीत. माणसांनी रुंद रस्त्यांच्या गावात आपली जुनी गल्ली पुन्हा उभी केली होती. हे वहीत नव्हतं, कुठल्या संदर्भग्रंथात तर नव्हतंच. सर मधेच थांबून म्हणाले, "हे लिहिलं तर चालेल? की याला पण कुणाचा संदर्भ लागतो?"

"तुमचा लागतो. तारीख, गावाचं नाव, कोणत्या भागातली किती घरं पाहिली, ते टाका."

त्यांचं पुढचं गृहीतक होतं की पक्क्या घरामुळं सुरक्षिततेची भावना वाढली. ते खोटं ठरत होतं. याची त्यांना टक्क्यांपेक्षा जास्त धास्ती वाटली. गृहीतक पडलं तर प्रबंध नापास होतो असा त्यांचा समज होता. तो काढायला मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त बोलावं लागलं, आणि तरी ते गाईडना विचारतो म्हणालेच. विचारायलाच हवं होतं. गाईडनी होकार दिला, कुरकुरत का होईना.

म्हातारीच्या बोलण्यावरून मात्र आमचं जुंपलं. त्यांचं म्हणणं, बहिस्थ परीक्षक हसतील, प्रमाण मराठीत करून घेतो. मी म्हटलं, अवतरण जसंच्या तसं ठेवा, खाली हवं तर अर्थ द्या. शेवटी त्यांनी त्यांच्या मनासारखं केलं : मजकुरात प्रमाण मराठी, तळटीपेत मूळ बोल. मला आजही हे उलटं हवं होतं असं वाटतं, पण प्रबंध त्यांचा आहे.

त्या रात्री ते एसटीनं परतले. पुढचे काही महिने प्रकरणं मेलवर येत राहिली, स्वतः टाईप केलेली, मोबाईलवर बोलून युनिकोडमध्ये उमटवलेली, 'पत्रा'च्या जागी 'पात्र' अशा चुकांसकट. तिसरं प्रकरण अर्ध्यावर आलं, चौथं दुप्पट झालं. अधिकृत अहवाल नऊ टक्क्यांचा आला, या वेळी पेढे नव्हते. मौखिकीत परीक्षकांनी नमुना निवडीवर धारेवर धरलं आणि शेडांच्या नकाशावर बराच वेळ प्रश्न विचारले.

डीटीपीवाल्यानं पैसे काही परत केले नाहीत. पण परवा तो स्वतःच आमच्या कक्षात आला, ग्रंथालयात पहिल्यांदाच पाऊल टाकल्यासारखा इकडंतिकडं बघत. "मॅडम, पोरं आता युनिकोडच मागायलीत. शिकायला किती दिवस लागतात? आणि पानाला रेट काय लावावा?"

त्याला मी शनिवारी बोलावलंय. रेटचं त्याचं तो बघेल.