विवराच्या काठावर: फ्रान्समधल्या ओव्हर्न्यची भटकंती

सह्याद्रीत भटकणाऱ्याला काळा कातळ नवा नाही. कड्यांमधले आडवे थर म्हणजे एकावर एक साचलेला लाव्हा, हेही आपण ट्रेकमध्ये नव्या भिडूला हौसेने सांगतो. पण हा लाव्हा जिथून बाहेर पडला ती तोंडं आपल्याला दिसत नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीतल्या लांबलचक भेगांमधून वाहिला आणि पुढे पावसाने, नद्यांनी सगळं कोरून काढलं. हरिश्चंद्रगडावर विवर शोधून सापडायचं नाही. म्हणूनच मध्य फ्रान्समधला ओव्हर्न्य प्रांत बघायची मला फार ओढ होती.

पॅरिसहून रेल्वेने साधारण साडेतीन तासांत क्लेर्मों-फेराँ येतं. तिथलं कॅथेड्रल काळं आहे, पार शेंड्यापर्यंत. १२४८ मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम जवळच्या व्हॉल्विकच्या लाव्हातल्या दगडाचं आहे. हेमाडपंती देवळांची सवय असलेल्या मला तिथे लगेच घरच्यासारखं वाटलं.

शहराच्या पश्चिमेला ज्वालामुखींची रांग उभी आहे, शेन दे प्वी. एका मोठ्या भ्रंशाला, म्हणजे जमिनीच्या कवचातल्या तड्याला समांतर, ३२ किलोमीटर लांबीत सुमारे ८० ज्वालामुखी. २०१८ साली रांग आणि भ्रंश दोन्ही मिळून जागतिक वारसा ठरले. इथे प्रत्येक डोंगर आपापल्या उद्रेकाची तऱ्हा अंगावर बाळगून आहे आणि हे सगळं भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी कालपरवाचं आहे.

सगळ्यांत उंच प्वी द डोम, १,४६५ मीटर. वर जायला दातेरी रुळांची गाडी आहे, पण मी सेसा खिंडीतून जुन्या खेचरवाटेने चढलो. वळणावळणाची, दमवणारी, पण छान वाट. या डोंगराला विवरच नाही. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी इथला लाव्हा घट्ट पिठल्यासारखा होता. तो वाहिला नाही, जागच्या जागी फुगून घुमट झाला. माथ्यावर रोमन काळातल्या मर्क्युरी या देवाच्या देवळाचे अवशेष आहेत. १८७० च्या दशकात वेधशाळा बांधताना ते उजेडात आले. १६४८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए हवेचा दाब मोजणारी पाऱ्याची नळी घेऊन याच माथ्यावर आला होता. पायथ्याच्या गावापेक्षा इथे पारा सुमारे साडेआठ सेंटीमीटर खाली उतरला आणि उंचीवर हवेचा दाब कमी होतो हे दिसून आलं.

तरी माझं मन जडलं ते शेजारच्या पारिउवर. आधी झाडी, मग लाकडी पायऱ्या, आणि शेवटची पायरी संपली की अचानक समोर वाटीसारखं खोल, हिरवंगार विवर. ज्वालामुखीचं चित्र काढायला सांगितलं तर लहान मूल जे काढेल, अगदी तेच. गवतात मेंढ्या चरतात. त्यांच्यामुळेच माथा उघडा राहतो, रान माजत नाही. मी काठावरून पूर्ण फेरी मारली. उत्तरेला एका मोठ्या, जुन्या विवराची कड दिसते. आत्ताचा शंकू तिच्या आतून नंतर वर आलेला. एकाच जागेचे दोन उद्रेक नुसत्या डोळ्यांनी वेगळे करता येतात! सह्याद्रीत इतकी वर्षं जे फक्त वाचलं होतं, ते इथे पायाखाली होतं.

याच परिसरात १७६३ साली निकोला देमारे हा फ्रेंच भूशास्त्रज्ञ फिरत होता. बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीतलाही काळा कातळ, पाण्यात साचून तयार होतो, असं मानणारे विद्वान तेव्हा बरेच होते. देमारेने इथे बेसाल्टचे खांब पाहिले, ते ज्या थरात होते त्याचा माग काढला आणि हा गोठलेला लाव्हा आहे असं मांडलं. वाद पुढेही बराच काळ चालला. आपल्या घाटांतल्या कातळाचं कोडं उलगडायला अशाच पायपिटीने सुरुवात झाली, म्हणून या माणसाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

लांप्तेजीला खाणीने अख्खा ज्वालामुखी आतून उघडा पाडला आहे. तांबडे-काळे थर आणि लाव्हा वर चढण्याची नळी सरळ दिसते. मुलं बरोबर असतील तर ते जरूर दाखवा.

दक्षिणेकडे व्हाश आणि लासोला हे जुळे शंकू. दोघांचीही एक बाजू लाव्हाने ढकलून नेलेली, त्यामुळे वाट थेट विवराच्या पोटात शिरते आणि तिन्ही बाजूंना तांबडी भिंत उभी राहते. इथून सुटलेल्या लाव्हाने खालची दरी अडवली आणि एदाचं तळं तयार झालं. आज त्याच तळ्यात माणसं पोहतात, होड्या चालवतात.

जाणार असाल तर एक सांगतो. प्वी द डोमचा माथा बऱ्याचदा ढगात असतो. तसा दिवस निघाला तर हिरमुसू नका. पारिउ आणि व्हाश त्याच्यापेक्षा अडीचशे मीटरहून जास्त खाली आहेत. त्या दिवशी तिकडे वळा.