सुगरणीच्या खोप्याखाली विचारलेला ‘का’

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परिस्थितिकी आणि प्राणिवर्तन हा विषय शिकवायला घेतला की पहिला तास मी वर्गात घेत नाही. जुलै संपता संपता आम्ही गावाबाहेरच्या एका जुन्या विहिरीवर जातो. तिथे पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्यांची पंधरा-वीस घरटी लोंबत असतात आणि त्यांतली निम्मीअधिक अर्धवट असतात. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, इतकी घरटी अर्धी का सोडली आहेत?” मी उत्तर देण्याआधीच बरोबरच्यांनी तीन उत्तरे दिली: मादीला पसंत पडले नाही म्हणून, नर अजून नवखा आहे म्हणून, आणि अर्ध्यावर थांबण्यात नराचा फायदा आहे म्हणून. मग कोणाचे खरे यावर वाद जुंपला.

या वादातली गंमत अशी की तिन्ही उत्तरे एकाच वेळी बरोबर असू शकतात, कारण ती तीन वेगळ्या प्रश्नांची आहेत. आपण सरसकट ‘का’ विचारतो, पण मराठीत ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि वर्तनाच्या अभ्यासात ते वेगळे ठेवले तर निम्मा गोंधळ मिटतो. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी 1963 मधील लेखात हाच मुद्दा चार प्रश्नांच्या रूपाने मांडला. एखादे वर्तन तत्क्षणी कशामुळे घडते, प्राण्याच्या आयुष्यात ते कसे घडत जाते, जगण्यासाठी व प्रजननासाठी त्याचा उपयोग काय, आणि त्या जातीच्या पूर्वेतिहासात ते कसे उत्क्रांत झाले, हे ते चार प्रश्न. टिनबर्गन यांना 1973 मध्ये कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. चार प्रश्न मात्र उत्तरपत्रिकेत एकमेकांत मिसळलेले दिसतात.

‘कशासाठी’चे उत्तर आपल्या अगदी जवळ, अलिबागजवळच्या किहीमला शोधले गेले. 1930 मध्ये सलीम अली यांच्या हाताशी नोकरी नव्हती. किहीमच्या मुक्कामात त्यांनी सुगरणींच्या एका वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले आणि 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. त्यातून उलगडलेला क्रम असा: विणकाम नर करतो (नाव मात्र आपण स्त्रीलिंगी दिले आहे, आणि घर बांधणारी ती बाईच असणार, ही आपली समजूत त्यात उघडी पडते). घरटे शिरस्त्राणाच्या आकाराचे होऊन आत आडवा पट्टा तयार झाला की नर थांबतो आणि माद्या येताच पंख फडफडवून बोलावू लागतो. मादी आत शिरून पाहणी करते. तिने घरटे पत्करले तरच अंड्यांची जागा आणि लांब नळी पूर्ण होते, मादी आतून अस्तर लावते, आणि ती अंडी उबवायला बसली की नर दुसरे घरटे विणायला घेतो.

आता हिशेब पाहा. पूर्ण घरट्याला सुमारे 18 दिवस लागतात आणि पात्यांच्या चिरफळ्या आणण्यासाठी नराच्या 500 पर्यंत खेपा होतात, तर अर्ध्या टप्प्यापर्यंत साधारण 8 दिवस पुरतात. नाकारले जाणारे घरटे शेवटपर्यंत विणणे म्हणजे दहा दिवसांचे श्रम वाया घालवणे, आणि पावसाळा तर मोजक्या आठवड्यांचा असतो. ज्याला आपण आळस किंवा अपयश समजतो, तो टप्पा या हिशेबात नीट बसतो. मादीची निवडही केवळ विणीच्या सफाईवर ठरत नाही. घरट्याची उंची आणि फांदीची बारीकता यांसारख्या जागेच्या गुणांना ती अधिक महत्त्व देते, असे अभ्यासांत आढळले आहे.

‘कशामुळे’चे उत्तर याहून अगदी वेगळे आहे. बदलणारी दिवसाची लांबी, संप्रेरके आणि पावसाने वाढलेले लांब, ओले गवत यांच्या मेळातून नराचे डोके पिवळेधमक होते आणि विणकाम सुरू होते. वाळके पाते वाकवताना तुटते. पिलांना चारायला लागणारे किडे त्याच दिवसांत मुबलक असतात, पण तो ‘कशासाठी’चा भाग झाला. “पिलांना किडे मिळावेत म्हणून सुगरण पावसाची वाट पाहते” असे वाक्य दरवर्षी दहा तरी उत्तरपत्रिकांत सापडते, आणि मी त्यावर लाल रेघ ओढते, कारण नैसर्गिक निवडीचा परिणाम पक्ष्याच्या मनातला बेत म्हणून लिहिला गेलेला असतो.

नवखेपणाचे उत्तर देणारा मुलगाही चुकला नव्हता. आफ्रिकेतील एका सुगरणवर्गीय जातीवर निकोलस व एल्सी कॉलियास यांनी प्रयोग केले. विणायला काहीच न मिळता वाढलेले नर प्रथम पाते हाती आल्यावर धड विणू शकत नव्हते. विणण्याची ओढ उपजत असली तरी हात सरावानेच बसतो. मात्र ही जात आपली नव्हे, एवढे भान ठेवून हे उदाहरण द्यावे.

चौथ्या, म्हणजे उत्क्रांतीच्या प्रश्नासाठी पक्ष्यांचे अभ्यासक जॉन क्रुक यांच्या 1964 मधील तुलनेइतके चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. त्यांनी सुगरणवर्गातील सुमारे 90 जाती पडताळल्या. दाट जंगलात राहून विखुरलेले किडे खाणाऱ्या जाती बहुधा जोडीने राहतात आणि घरटी लपवतात. मोकळ्या गवताळ प्रदेशात बिया खाणाऱ्या जाती थव्याने चरतात, सुरक्षित अशा थोड्या झाडांवर वसाहती करतात आणि त्यांच्यात एका नराच्या अनेक माद्या असतात. अन्न कसे पसरले आहे यावरून लग्नाची रीत ठरते, हा विचार विद्यार्थ्यांना फार भावतो. म्हणूनच लगेच आक्षेपही सांगावा लागतो: जवळच्या नात्यातल्या जाती सारख्या वागत असतील, तर तो पूर्वजांचा वारसाही असू शकतो, आणि मग 90 जाती म्हणजे 90 स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत.

एवढे झाल्यावर मी दुर्बिणी आणि वह्या वाटते. जे नजरेत भरेल ते टिपत गेले की भांडणे आणि फडफडाट तेवढे नोंदले जातात व शांत बसणे निसटते. वर्तन टिपण्याच्या पद्धतींची कसून छाननी करणाऱ्या जीन आल्टमन यांच्या 1974 च्या लेखातला हा इशारा मी विहिरीच्या काठावरच सांगते. प्रत्येकाला एकच घरटे आणि तीस मिनिटे. प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या वहीत अकराव्या मिनिटाला लिहिले होते, ‘मादी निघून गेली, नर निराश झाला’. शेवटचे तीन शब्द तिने स्वतःच खोडले आणि खाली लिहिले, ‘नराने फडफड थांबवली, चार मिनिटे पट्ट्यावर बसला, मग नवे पाते आणायला गेला’.