कंपाउंडबाहेरचे श्रोते

गाणं ऐकायची चांगली जागा तिकिटावर छापलेली नसते, ती हुडकावी लागते. दिवाळी झाली, बेळगावात स्वेटरं बाहेर निघाली आणि मैदानांवर मांडव उभे राहायला लागले की आमच्यासारख्यांचं काम सुरू होतं. स्टेजचं तोंड कुणीकडं आहे, स्पीकर कुठं टांगलेत, वारा कुठल्या बाजूचा आहे, आणि मुख्य म्हणजे कंपाउंडची भिंत बसण्याजोगी आहे की वर काचा रोवल्यात, एवढं आदल्या संध्याकाळी बघून ठेवायचं. कार्यक्रमादिवशी जेवून, कानटोपी चढवून, शेंगांची पुडी खिशात टाकून निघायचं. आतल्या लोकांना सहाचं बोलावणं असतं. आम्ही आठला जातो. का, ते पुढं येईलच.

प्रत्येक मैदानाचा बाहेरून ऐकायचा स्वभाव निराळा. टिळकवाडीत लेले मैदानाच्या आसपास घरं इतकी जवळ, की ओळखीचं एखादं असलं तर गच्चीवर सतरंजीसकट सोय होते. फक्त यजमानांच्या गप्पा गाण्याच्या वर जाऊ न देण्याची कला अंगी पाहिजे. सरदार मैदानावर विलंबित ऐकायला जाऊ नये; सम येईस्तोवर रस्त्यावरून रिक्षांची अख्खी वरात जाते. रेल्वे गेटाच्या बाजूला उभारलं, तर मिरजेकडं निघालेली गाडी मध्येच आपला षड्ज लावते, आणि तो गवयाच्या षड्जाशी जुळला असं माझ्या ऐकण्यात कधी आलेलं नाही. कित्तूरला ऑक्टोबरात उत्सव असतो, राणी चन्नम्मांच्या 1824 च्या विजयाच्या स्मरणाचा. तिथं गर्दीच एवढी की आत आणि बाहेर हा फरकच उरत नाही. ते आमच्या हिशेबी धरत नाही.

बाहेरून ऐकताना पहिली गोष्ट कळते ती ही, की भिंत गाणं चाळणीसारखं चाळते. खर्जाच्या लाटा लांब असतात, त्या भिंतीला वळसा घालून येतात, कधी भिंतीलाच हलवून पलीकडं निघतात. तार स्वरांच्या आखूड लाटा आपटून मागं फिरतात, आणि ज्या सुटतात त्यांना वाटेतली हवा खाते. म्हणून बाहेर डग्ग्याचा घुमारा येतो, तबल्याची चाट येत नाही. आलाप येतो, शब्द गळतात. तंबोरा आहे असं समजून चालायचं.

शब्द गळण्यानं आमच्या भागात एक मजा होते. एकदा भिंतीवर माझ्या एका बाजूला शहापूरचे एक आजोबा होते, दुसऱ्या बाजूला बैलहोंगलकडचे एक निवृत्त मास्तर. आत भक्तिसंगीत चाललेलं. आजोबा म्हणाले, अभंग आहे. मास्तर म्हणाले, दासरपद आहे, म्हणजे कानडी संतांचं पद. दोघांनीही माना डोलावत, डोळे मिटून, आपापल्या भाषेत ठाम सांगितलं. मी कान लावला. चाल दोन्हीकडची असू शकत होती, ठेका दोन्हीकडचा. एवढ्यात भिंतीवरून एकच शब्द सही सलामत आला, ‘विठ्ठल’. आजोबांनी माझ्याकडं विजयी नजरेनं पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं, कारण पुरंदरदासांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी पुरंदर विठ्ठल असतोच. पुढं टाळ्या झाल्या, निवेदकानं काय सांगितलं तेही भिंतीनं ठेवून घेतलं, आणि खटला तसाच राहिला. आमच्या जिल्ह्यातले बाकीचे खटलेही तसेच राहिलेत, पण त्यांत इतकं गोड काही ऐकायला मिळत नाही. “चलो हाडतार्री,” मास्तर कानडीत म्हणाले, म्हणजे छान गातात. “तर काय, भारीच गातोय,” आजोबा म्हणाले. एवढ्यावर एकमत झालं.

थंडीचे दिवस आमच्या बाजूचे असतात. रात्री जमीन लवकर निवते, जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावरची त्यामानानं ऊबदार राहते. गार हवेत आवाज सावकाश जातो, ऊबदार हवेत जलद, त्यामुळं वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली उतरतो. वारा पडलेला असेल तर अनगोळच्या बाजूचं भजन वडगावकराला शेजारच्या गल्लीतलं वाटावं, असं होतं ते यानं. दुपारच्या उन्हात नेमकं उलटं. आवाज वर निघून जातो आणि जवळचंही विरतं. थंड हवेसाठी बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायची पद्धत आहे. त्या हवेचा हा उपयोग मात्र कुणी सांगत नाही.

लांबच्या गच्चीवर बसणाऱ्यानं एक पथ्य पाळावं, डोळे मिटून घ्यावेत. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. तेवढ्या लांबून तबलजीचा हात पडलेला आत्ता दिसतो आणि थाप येते ती पूर्ण सेकंदानं. द्रुत तीनताल चालू असताना डोळ्यांवर विश्वास ठेवून मांडीवर ताल धरला, तर शेजारचा आपल्याला अडाणी समजतो. त्यातून मैदानाच्या दोन टोकांना स्पीकर असतील तर प्रत्येक तान दोनदा येते.

आता आठला का जायचं ते. आमच्याकडं कुठलाही जाहीर कार्यक्रम गाण्यानं सुरू होत नाही. तो दीपप्रज्वलनानं सुरू होतो, आणि वाऱ्यानं समई पेटत नाही. मग प्रास्ताविक, परिचय, स्वागत. मग सत्कार. सत्कार कलाकाराचा असतो असं बाहेरगावच्या माणसाला वाटेल. कलाकाराचाही असतो, शेवटी. त्याआधी आमदार, माजी आमदार, नगरसेवक, देणगीदार, मांडववाले, लाइटवाले आणि आयत्या वेळी पुढच्या रांगेत दिसलेले कुणीही. शाल, फेटा, हार, स्मृतिचिन्ह आणि फोटोसाठी पुन्हा एकदा हार. आतल्या श्रोत्याला उठून जाता येत नाही; तिसऱ्या रांगेतून उठला तर व्यासपीठावरून दिसतो, आणि उद्या बाजारात भेटतो. बाहेरच्याला काय? तो भिंतीवरून उतरतो, कोपऱ्यावर गिरमीट खातो, वर एक मिरची भजी, मग चहा. “अण्णा, कितवा चाललाय?” असं गाडीवाल्याला विचारायचं. तो कांदा चिरता चिरता सांगतो, “अजून चार शाली हाईत, निवांत खावा.” सत्कारांचा हिशेब त्याच्याइतका पक्का आयोजकांकडंही नसतो, कारण त्याचा धंदा त्यावर चालतो. गाणं सुरू झालं की गिऱ्हाईक बंद.

फुकट ऐकता म्हणून नावं ठेवणारे भेटतात. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, अर्धं. छोट्या मंडळांच्या शास्त्रीय संगीताच्या बैठका असतात, शंभर-दीडशे माणसांच्या. तिथं मी तिकीट काढून किंवा पेटीत पैसे टाकून आत बसतो. तबलजीची बिदागी त्या पेटीतून निघते हे मला माहीत आहे, आणि त्या बैठका खिडकीबाहेरून ऐकणं मला चोरीच वाटतं. मैदानावरच्या मोठ्या जलशाची गोष्ट वेगळी. तिथं पहिल्या काही रांगा पासाच्या. सोफ्यावर बसलेला पाहुणा आणि भिंतीवर बसलेला मी, दोघांनीही खिशात हात घातलेला नाही. फरक एवढाच की मी ऐकायला आलेलो असतो. पास मिळवायची खटपट मीही पूर्वी केली आहे. त्यासाठी जेवढ्या लोकांना नमस्कार घालावे लागतात, तेवढ्यात तिकीट स्वस्त पडतं आणि भिंत त्याहून स्वस्त.

शिवाय या मातीत गाणं वाढलं ते बरंचसं असंच, उंबऱ्याबाहेरच्या कानांवर. गदगचे भीमसेन जोशी लहानपणी भजनी मंडळं आणि बँडच्या मागं मागं चालत जायचे आणि घरी यायचं विसरायचे. शेवटी वडिलांनी शर्टावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असं लिहून ठेवलं, म्हणजे सापडला तर लोक आणून सोडतील. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्यांनी ऐकली तीही दुकानात लागलेल्या रेकॉर्डवर, आणि 1933 साली गुरू शोधायला घर सोडलं. तिकीट कुठंच नव्हतं. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 च्या एप्रिलात जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व, पोरवयात मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गायचे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. तिथं स्वागतगीत गायला उभी राहिलेली एक मुलगी होती अकरा वर्षांची गंगूबाई हनगल. मला नेहमी वाटतं, त्या मंडपात सगळ्यांनाच जागा मिळाली नसणार. बाहेर उभारलेल्या कुणाच्या तरी कानावर तो आवाज पडला असणार, आणि चेहरा न दिसताच तो म्हणाला असणार, कुणाची पोरगी ही?

मिरजेला दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथं तर तिकिटाचा प्रश्नच येत नाही. अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले, पण त्यांच्या नावानं मोठमोठे कलाकार तिथं हजेरी लावत आले. पूर्वी आमच्याकडचे लोक रात्रीच्या गाडीनं जायचे आणि पहाटेचा ललत ऐकून परत फिरायचे, असं घरात ऐकलंय.

पहाटेचे राग आता मैदानावर ऐकायला मिळत नाहीत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद केले. राज्य सरकारला वर्षातून फार तर 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत मोकळीक देता येते. नियम बरोबर आहे. भिंतीच्या या बाजूला आम्ही असतो तशी आजारी माणसं असतात, दहावीची मुलं असतात, आणि सगळ्यांनाच मालकंस नको असतो. माझी तक्रार वेगळी आहे. दहाला बंद करायचं हे वर्षभर आधी ठाऊक असताना शालींना दीड तास आणि मुख्य गायिकेला पन्नास मिनिटं, हा हिशेब कुठला? दहा वाजायला आले की बाहेर मोटरसायकल थांबते, हवालदार फटकावर काठी टेकून उभा राहतो, आत निवेदक चिठ्ठी पुढं सरकवतो, आणि गायिका भैरवी अशी म्हणते की शेवटची बस पकडायची आहे. एका हवालदाराला मात्र मी भैरवी संपेपर्यंत घड्याळाकडं न बघता उभा राहिलेला पाहिलाय. संपल्यावर त्यानं बघितलं आणि दहा वाजल्याचं जाहीर केलं. त्याच्या घड्याळात वाजले असतील.

खरं संकट नियमाचं नाही, नव्या स्पीकरांचं आहे. जुना भोंगा उदार होता, खांबावर चढवला की साऱ्या पेठेला ऐकवायचा. आवाज कर्कश असेना, पण शब्द तरी कळायचे. आता स्टेजच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे स्पीकर टांगतात. ते आवाज बरोबर खुर्च्यांवर टाकतात, बाहेर फारसा सांडू देत नाहीत. जमिनीवर ठेवलेले मोठे बेसचे खोके मात्र चहूकडं धडधडतात, कारण खर्जाला दिशा नसते. म्हणजे आतल्यांना गाणं आणि बाहेरच्यांना धडधड, अशी वाटणी झाली.

मागच्या हंगामात यावर एका रिक्षावाल्या मामांनी उपाय काढला. गझलेचा कार्यक्रम होता आणि आमच्याकडं नुसता डग्गा येत होता. मामा थोडा वेळ ऐकत बसले, मग उठले, कनात वर करून सरळ साउंडवाल्या पोराच्या टेबलापाशी गेले. आम्ही भिंतीवरून बघत होतो.

“काय रे बाळा, बाहेर काय ऐकू येईना झालंय. बाईंचा आवाज जरा वाढीव की.”

पोरानं डोक्यावरचे हेडफोन काढले. “तिकीट हाय काय मामा?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? आम्ही पंचवीस माणसं हाय तिकडं. येऊन बघ पाहिजे तर.”

पोरगं खरोखरच उठून कनातीपर्यंत आलं. कान देऊन ऐकलं, आमच्याकडं एकवार बघितलं, म्हणालं, “बेस लई जातोय की ओ हिकडं,” आणि परत जाऊन त्यानं काहीतरी फिरवलं. पुढचा शेर बऱ्यापैकी कळला. मामा परत आले तर त्यांची भिंतीवरची जागा तेवढ्यात कुणीतरी घेतली होती, आणि त्यावरून जे सुरू झालं त्यात त्यापुढचे दोन शेर आम्हाला अजिबात ऐकू आले नाहीत.