वाटीभर

दुपारी चारच्या सुमारास घरोघरी एक आवाज होतो. झाकणाचा. स्टीलच्या डब्याचं घट्ट बसलेलं झाकण नखांनी उचकटताना आधी 'कुर्र' आणि मग 'टक्'. चहाचं आधण उकळायचंय, दूध फ्रिजमधून बाहेर यायचंय, आणि तेवढ्या दोन मिनिटांत माणूस ओट्याशी उभ्याउभ्याच चिवड्याचे तीन बकाणे भरून मोकळा होतो. विचाराल तर सांगेल, "छे, जेवणानंतर काहीच खाल्लं नाही." खोटं नाही बोलत तो. उभ्यानं खाल्लेलं मोजायची आपल्यात पद्धतच नाही.

उपाय अगदी फुटकळ आहे. चिवडा वाटीत काढायचा, झाकण लावायचं, डबा फळीवर परत ठेवायचा आणि मगच बसून खायचं. क्रम महत्त्वाचा. डबा शेजारी उघडा ठेवून वाटीतून खाणं म्हणजे निव्वळ वाटी विसळायचं काम वाढवणं. वाटीचा तळ दिसला की हात थांबतो. डब्याचा तळ दिवाळीनंतर थेट तुळशीच्या लग्नाला दिसतो. (डब्यातच चमचा ठेवून देणाऱ्या माणसांबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. तो चमचा म्हणजे उघडं आमंत्रण.)

पूर्वी हे काम फळी करायची. मे महिन्यातली दुपार आठवून पाहा. माजघरात आजी पदर तोंडावर घेऊन आडवी झालेली. पोरं पाटावर पाट रचून वरच्या फळीकडे हात लांबवताहेत. सगळ्यात उंच पोराच्या बोटांना डब्याची कड लागते, झाकण 'टक्' करतं आणि पदराखालूनच आवाज येतो, "कोण आहे रे तिकडे?" डबा वर ठेवण्यामागे कुणाच्या वजनाची काळजी नव्हती, सुट्टी संपेपर्यंत लाडू पुरवायचे होते, इतकंच. चार वाजता मग आजीच उठून प्रत्येकाच्या वाटीत मोजून चिवडा घालायची, वर चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाचे चार थेंब. कांद्यामुळे वाटी भरल्यासारखी दिसे आणि चिवडा निम्माच लागे. आजीचा हिशेब पक्का होता.

आता फळीवरचे डबे खाली उतरलेत आणि पारदर्शक बरण्या झाल्यात. तेव्हा निदान कुठली बरणी कुठे, एवढं तरी पाहावं. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, खजूर हे हाताशी आणि डोळ्यांसमोर. फरसाण न दिसणाऱ्या डब्यात, आणि तो डबा घ्यायला स्टूल लागेल इतका उंच. भूक खरी असली तर माणूस फुटाण्यांवर भागवतो. नुसती चाळवलेली असली तर स्टूल ओढायचा कंटाळा करतो.

चिवडा सोडायचं मात्र कारण नाही. पाव किलो पातळ पोहे आधी तेलाशिवाय, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजावेत. मुठीत चुरगळून भुगा झाला की झालं. आच मोठी केली की ते आक्रसतात आणि वातडच राहतात. फोडणीला मोठे तीन चमचे तेल पुरतं. मीठ आणि साखर एकत्र बारीक वाटूनच घालायचं, नाहीतर दाणे डब्याच्या तळाशी जातात आणि शेवटचा चिवडा खारट लागतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचा नाही; वाफ कोंडली की सादळतो.

तेलाचं तसंच. माणशी महिन्याला अर्धा लिटर हे धोरण ठेवलं तर रोजचे लहान तीन चमचे आणि वर थोडंसं. चौघांच्या घरात दोन लिटर महिनाभर पुरतात का, एवढंच पाहायचं. रोज हिशेब नको. खरी गडबड बुदलीतून थेट धार सोडण्यात आहे. हाताला धार मोजता येत नाही, चमचा मोजतो. दोन चमच्यांत फोडणी बिघडते अशी तक्रार असते, ती पसरट कढईमुळे. तेलाचा थर पातळ होतो, मोहरी तडतडायच्या आत हळद जळते. कढई जरा तिरकी धरून तेल एका कडेला गोळा करावं, मोहरी तिथेच फुलू द्यावी, भाजी पडली की सपाट ठेवावी. वर खोलगट झाकण आणि झाकणात पाणी. झाकण कढईपेक्षा गार राहतं, वाफ परत भाजीवर ठिबकते, भाजी लागत नाही. कमी पडलंच तर झाकणातलं गरम पाणी हाताशी असतंच.

चहातली साखर एका दिवसात बंद करणारे चौथ्या दिवशी जिलबी खाताना सापडतात. दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करावी. जिभेला पत्ताही लागत नाही. मात्र बिनसाखरेचा चहा घेऊन त्यात चार बिस्किटं बुडवली तर कमावलेलं बशीतच सांडलं.

आणि मग ती डावी बाजू. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. वाढायला सुरुवात तिथून होते आणि खायची वेळ आली की तिकडे सगळ्यात शेवटी हात जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला माणशी ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. आता चौघांना एका वेळेला अर्धा किलो भाजी आणली, निवडली, तर दर जेवणाला माणशी सव्वाशे ग्रॅमसुद्धा पडत नाही. दोन्ही वेळा धरून फार तर अडीचशे. उरलेली दीडशे ग्रॅम डावीकडूनच यायला हवीत, कारण पोळीबरोबर भाजी आपण लावून खातो, वाटीभर नुसती खात नाही.

कोशिंबीर होत नाही ती आळसामुळे नव्हे, सगळ्यात शेवटी करायची ठरते म्हणून. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पोळ्या झाल्या, मंडळी पाटावर येऊन बसली, आता कोण काकडी सोलतंय? म्हणून कुकर चढवायच्या आधी ती करून ठेवावी. दोन काकड्या चोचवून, वर मोठे दोन चमचे दाण्याचं कूट, मिरची-जिऱ्याची लहानशी फोडणी, लिंबू. मीठ मात्र पानं घेतल्यावरच. आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं, कूट त्यात भिजून लगदा होतो, आणि मग "आमच्याकडे कुणी खातच नाही" हे ऐकावं लागतं. जमलं तर ही वाटी भाताच्या आधी, अगदी पहिली संपवावी. पोटात जागा असते तेव्हा काकडीही गोड लागते.

भात वाढतानाच्या "अर्धा तरी घे"ला तोंडानं नाही म्हणून भागत नाही, पानावर आडवा हात धरावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून चिवट वाक्य म्हणजे "एवढंसं उरलंय, संपवून टाका." पातेल्याच्या तळाशी दोन घास भात, पळीभर आमटी, एक पोळी. टाकवत नाही आणि पातेलं तर घासायला हवं. यावरही वाटीच. लहानशी, झाकणाची, आधीच ओट्यावर काढून ठेवलेली. उरलेलं तिच्यात आणि लगेच फ्रिजमध्ये. सकाळी भाताचं थालीपीठ होतं, पोळीचा कुस्करा होतो.

ती वाटी काढून ठेवली नसेल, तर ते एवढंसं कुणाच्या पानात जातं हे वेगळं सांगायला नको. सगळ्यांचं आटोपल्यावर जी एकटी बसते तिच्या. कोशिंबिरीचं भांडं तिच्यापर्यंत येतं तेव्हा त्यात खाली राहिलेलं पाणी आणि मिरचीचा तुकडा असतो. दोन काकड्यांचं प्रमाण चौघांचं धरलेलं असतं, आणि ते चौघे आधीच जेवून उठलेले असतात. ताटात भात जास्त, डावी बाजू कोरी.

काकड्या तीन घ्याव्यात.