मोवरचा डेक: गंज निघाला, आता पोटाला जवसाचं तेल

माझ्या गवत कापायच्या मोवरच्या डेकचं, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाचं, काम अर्ध्याच्या पुढे गेलंय. गंज उतरला, दोन ठिगळं बसली, प्रायमर आणि रंग झाला. आता आतल्या बाजूला तेलाचे हात सुरू आहेत. आपल्या वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याच्या ओळींमधलं गवत बहुतेक जण ब्रश कटरनं नाहीतर ट्रॅक्टरच्या स्लॅशरनं काढतात, बसून चालवायचे मोवर मोजकेच. पण स्लॅशरवाल्यांनीही वाचावं, कारण दोन्हीचा पत्रा सडतो तो एकाच कारणानं.

ते कारण म्हणजे पोटाला, म्हणजे पत्र्याच्या खालच्या बाजूला, थापलेलं ओलं गवत. पावसाळ्यात हराळी कापली की तिचा लगदा पात्याच्या वाऱ्यानं वर फेकला जातो आणि पत्र्याला घट्ट बसतो. वरून वाळलेला दिसतो, आत मात्र ओल तशीच राहते आणि रस आंबत जातो. त्यात काळी माती. झाडाखाली म्युरिएट ऑफ पोटॅश खत टाकलेलं असेल तर क्लोराइडही आलं, आणि क्लोराइड लोखंडाला फार लवकर खातं. खुरप्यानं पहिली पोळी उचलली तेव्हा तिच्या खालच्या अंगाला गंजाचे पापुद्रे आणि रंगाचे पोपडे चिकटूनच आले. जिथे रंग शाबूत वाटत होता तिथेही नख घातलं की तो सुटत होता, कारण एका ओरखड्यातून शिरलेला गंज रंगाखालून बराच लांब सरकला होता. म्हणून वरवर घासून रंग मारण्यात अर्थ नाही. टणक रंग लागेपर्यंत मागे जावंच लागतं.

काम सुरू करण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढली, बॅटरी सोडली, डेक यंत्रापासून वेगळा केला. डेक न काढता मोवर कलता करायचा असेल तर कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर ठेवा. जाड थर खुरपं आणि पत्रीनं, मग तारेचा ब्रश, शेवटी ग्राइंडरला वायर कप. चष्मा लावल्याशिवाय वायर कप चालवू नका, त्याच्या तारा सुटून उडतात.

पत्रा उघडा झाल्यावर छोट्या हातोडीनं सगळीकडे ठोकून पाहिलं. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो. बद्द आवाज दोन ठिकाणी आला: स्पिंडल (पात्याचा फिरता दांडा) बसतो त्याच्या कडेला आणि गवत बाहेर पडतं त्या तोंडाशी. स्पिंडलजवळ खालूनच नव्हे, वरूनही गंज होता. बेल्टच्या झाकणाखाली वाळका चुरा साचतो, तो पाणी धरून ठेवतो, आणि तिथे कुणी बघत नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्या दादानं पत्रा दाबून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, एका दमात ओढलं तर छेद पडन इथं." मग बारीक रॉडनं एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ देत त्यानं ठिगळ बसवलं. पत्रा जराही वाकला नाही. त्याच्या हाताला मानलं पाहिजे.

खड्ड्यांतला बारीक गंज ब्रशनं निघत नाही. तिथे टॅनिनवालं रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं द्रावण) लावलं. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा होतो, तसंच इथे घडतं: टॅनिन गंजाशी जुळून काळा, स्थिर थर तयार होतो. पण सुटे पापुद्रे राहिले तर तो थर त्यांच्यासकट निघून येतो.

लहान कंस आणि पुलीचा आर्म धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात घालून बॅटरी चार्जरवर साफ केले. वस्तूला ऋण टोक, भंगार लोखंडाला धन. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे काम उघड्यावरच, हायड्रोजन निघतो.

रंगासाठी वेळ सकाळची निवडली, पण दव उडाल्यानंतरची. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे पत्र्याला हात लावता येत नाही. थिनर ब्रशखालीच उडतो आणि रंग नीट धरत नाही. पत्रा थिनरनं पुसून लगेच रेड ऑक्साइड प्रायमर, वरून एनॅमल.

आता मुख्य मुद्दा. पोटाच्या बाजूचा रंग गवत आणि खडे घासून निघणारच. तिथे बरेच जण जळकं ऑइल फासतात. मला ते पटत नाही. ते वाळत नाही, धूळ आणि चुरा धरून ठेवतं, बेल्टवर उडतं आणि शेवटी झाडाच्या मुळाशी ठिबकतं. त्यापेक्षा आपल्या विदर्भातल्या जवसाचं तेल घ्या. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं आणि पातळ, कडक पापुद्रा बनतो. बॉइल्ड तेल लवकर वाळतं, कच्चं बरेच दिवस घेतं. हात अगदी पातळ द्यायचा आणि जास्तीचं पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट राहतं. एक गोष्ट मात्र जिवाची आहे: त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेटू शकतात. मी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतो.

धुण्याबद्दल दर्यापूरकडच्या एका मित्रानं विचारलं होतं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, असाल तर बोअरच्या पाण्यानं डेक धुऊच नका, मीठच लावल्यासारखं होतं. कोरडा खरवडा पुरे. गोड पाणी असेल तर धुवा, पण नंतर पाती थोडा वेळ फिरवून पाणी झटकू द्या. आणि झाडांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) लावताना यंत्र लांब ठेवा. मिश्रणात विळा बुडवल्यावर तांबूस थर येतो की नाही, ही परीक्षा आपण सगळेच करतो. चुना कमी पडला तर लोखंडाचं काय होतं ते त्यातच दिसतं.

बाकी राहिलंय ते स्पिंडलचं ग्रीस आणि पात्यांना धार. तेलाचा शेवटचा हात वाळला की डेक परत चढवणार. मृग लागल्यावर पहिल्या कापणीनंतर पोटाची स्थिती कळवतो.